आपल्या माणसांसाठी वेळ कसा काढायचा: तयारी, क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

"जरा वेळ मिळू दे, मग निवांत बोलू." आपण हे मनापासून म्हणतो आणि तो निवांत वेळ काही येत नाही. मग एखाद्या रात्री मन खायला लागतं. उद्यापासून घरच्यांना रोज एक तास द्यायचा असं ठरतं, आठ-दहा दिवस ते चालतं आणि एका धावपळीच्या आठवड्यात सगळं बारगळतं. माझं असं तीनदा झालं. चौथ्यांदा कागद-पेन घेऊन बसले तेव्हा कळलं की माझा क्रमच उलटा होता. मी आधी रिकामा वेळ शोधत होते आणि जो सापडेल त्यात माणूस बसवत होते. आधी माणूस ठरवायचा, मग त्याला काय हवंय ते विचारायचं आणि त्यानंतर वेळेकडे वळायचं, असं केलं तेव्हा कुठे ते टिकलं.

खाली तोच क्रम दिला आहे. पायऱ्या वगळू नका. विशेषतः तिसरी, कारण नेमकी तीच सगळे वगळतात.

तयारी

अर्धा-पाऊण तास, एक कोरा कागद, मागच्या दोन आठवड्यांचं कॅलेंडर आणि फोनमधली कॉलची यादी, एवढं पुरे. नवं ॲप घेऊ नका. ॲप लावण्यात, रंग निवडण्यात एक संध्याकाळ जाते आणि काहीतरी केल्याचं समाधान मिळून खरं काम तसंच राहतं.

हे काम एकट्याने करा, पण दमलेल्या अवस्थेत करू नका. दमलेलं असताना आठवडा आहे त्याहून भरलेला दिसतो.

१. नावं लिहा

कागदावर पाच नावं लिहा. पाचच का? मैत्री आणि नात्यांचा अभ्यास करणारे ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांच्या मांडणीनुसार माणसाच्या अगदी आतल्या वर्तुळात साधारण ५ जण असतात, त्याबाहेरच्या वर्तुळापर्यंत मोजलं तर सुमारे १५. तुमची संख्या चार किंवा सहा असू शकते. बारा मात्र नसावी. बारा जणांची यादी म्हणजे कुणालाच धड वेळ न देण्याची तयारी.

इशारा: "घरचे", "मित्रमंडळी", "मुलं" असं लिहू नका. गटाला वेळ देता येत नाही, माणसाला देता येतो. दोन मुलं असतील तर दोन नावं. आई-बाबांची नावंही वेगळी. फोन नेहमी आईच उचलत असेल तर बाबांशी तुमचं बोलणं कितपत होतं ते या पायरीवरच उघडं पडतं.

तपासणी: प्रत्येक नावापुढे शेवटचं नीट बोलणं झालं ती तारीख लिहा. आठवणीवर विसंबू नका, कॉलची यादी बघा. एकाच घरात राहणाऱ्या माणसापुढेही तारीख लिहायची. बिल भरलंस का, मुलाला कोण आणणार, हे बोलणं यात धरायचं नाही. ती तारीख आठवत नसेल तर तिथे प्रश्नचिन्ह टाका. ते नाव यादीत वर घ्या.

२. आठवडा खरा कसा जातो ते बघा

आठवड्याचे तास १६८. रोज आठ तास झोप धरली तर ५६ गेले. काम ५० तास आणि जाण्यायेण्यात १० तास धरा. उरले ५२. हा आकडा बघून लोक दोन चुका करतात. काहीजण स्वतःला दोष देतात: एवढा वेळ असून मी देत नाही! काहीजण त्या ५२ तासांतले वीस तास कागदावर वाटून टाकतात. पण त्यातच आंघोळ, स्वयंपाक, कपडे, आजारपणं, बँकेची कामं आणि नुसतं पडून राहणं असतं, आणि पडून राहणंही गरजेचं आहे.

म्हणून तास मोजत बसू नका, जागा शोधा. मागचे दोन आठवडे डोळ्यांसमोर आणून कागदावर तीन प्रकारच्या जागांवर खूण करा:

- हात गुंतलेले पण डोकं मोकळं असतं ती वेळ: चालणं, भांडी, कपड्यांच्या घड्या, रोजचा प्रवास.
- तुम्ही आणि ते माणूस तसेही एका छताखाली असता, पण दोन वेगळ्या पडद्यांकडे बघत असता ती वेळ.
- आठवड्यातली एखादी सलग वेळ, जिथे काम सहसा घुसत नाही.

आता प्रत्येक खुणेजवळ लिहा, त्या वेळी तुमच्यात जीव असतो का? रात्री साडेदहाला मिळणारा एक तास आणि सकाळची पंधरा मिनिटं यांत मी डोळे झाकून पंधरा मिनिटं घेईन. ऑफिसला, अनोळखी ग्राहकाला आपण ताजेतवाने भेटतो आणि घरच्यांच्या वाट्याला उरलीसुरली ताकद येते. हे बदलणं म्हणजेच या सगळ्यातलं निम्मं काम.

इशारा: कामाला लागणारा वेळ आपण कमी धरतो. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कॅनडातल्या विद्यार्थ्यांनी प्रबंध संपवायला सरासरी ३४ दिवस लागतील असं सांगितलं होतं. प्रत्यक्षात ५५ हून अधिक लागले. "सहाला काम संपतं" असं लिहिण्याआधी मागच्या दहा दिवसांत ते खरंच कितीला संपलं ते बघा. घरच्यांना दिलेली वेळ त्या खऱ्या आकड्यावर बेतायची.

३. विचारा

ही पायरी वगळली की बाकी सगळं नेटकं करूनही फसतं.

माझ्या बाबांसाठी मी दर रविवारी रात्री नऊची वेळ ठरवली होती, अर्धा तास. चार-पाच महिने ती न चुकता पाळली. बाबा हो-हो करायचे आणि दहा मिनिटांत म्हणायचे, "ठेवतो आता, तू कामात असशील." त्यांना बोलायला फारसं काही नसतं अशी मी समजूत करून घेतली. शेवटी एकदा सरळ विचारलं, "बाबा, माझा फोन कधी यावासा वाटतो?" बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "रात्री मला पेंग येते गं. सकाळी फिरून आलो की वाटतं, कुणाशी तरी बोलावं."

पुढच्या मंगळवारी सकाळी सव्वासातला फोन केला. त्यांना थोडा दम लागला होता, बूट काढत असावेत. बूट निघता निघता कण्हल्यासारखा आवाज आला. "काय झालं?" "काही नाही, गुडघा." गुडघा चार महिन्यांपासून दुखत होता. त्या चार महिन्यांत आम्ही सोळा-सतरा रविवार बोललो होतो.

तेव्हा विचारा. पण कसं विचारता यावर उत्तर ठरतं. "तुला माझ्याकडून किती वेळ हवाय?" हा प्रश्न हिशोबाचा वाटतो आणि समोरचा म्हणतो, "काही नाही, तू तुझं काम कर." त्याऐवजी असे छोटे प्रश्न उपयोगी पडतात:

- "दिवसातल्या कुठल्या वेळी तुला बोलायला बरं वाटतं?"
- "मी कधी नसले की तुला जास्त खटकतं?"
- "आपण मागे एकत्र काय करायचो, जे आता होत नाही?"
- लहान मुलाला: "आपण दोघांनीच काहीतरी करायचं असेल तर काय करूया?"

उत्तर बऱ्याचदा आपल्या अपेक्षेपेक्षा लहान असतं. कुणाला वीस मिनिटं सोबत चालायचं असतं. कुणाला डॉक्टरकडे जाताना बरोबर कुणीतरी हवं असतं, बाकी आठवडाभर काही नको असतं. एखादा मित्र म्हणेल, मला फोन नको, तीन महिन्यांतून एकदा पूर्ण दिवस दे.

इशारा: उत्तर ऐकताना स्वतःची बाजू मांडू नका. "अरे, पण तेव्हा माझी मीटिंग असते" हे खरं असलं तरी त्या क्षणी गिळा. पहिल्याच उत्तराला कारण मिळालं की दुसरं खरं उत्तर मिळत नाही. "बरं झालं सांगितलंस" एवढंच म्हणा आणि लिहून ठेवा.

तपासणी: प्रत्येक नावापुढे त्या माणसाच्याच शब्दांतली एक ओळ आहे का? तुमचा अंदाज लिहिला असेल तर तो खोडा आणि परत विचारा.

४. छोटी, ठरलेली, पुन्हा येणारी वेळ निवडा

आता दुसऱ्या पायरीतल्या जागा आणि तिसऱ्या पायरीतली उत्तरं शेजारी ठेवा. पाचही जणांची वेळ एकदम ठरवू नका. पहिल्या महिन्यात दोनच. ज्याच्यापुढे प्रश्नचिन्ह आहे तो एक, आणि ज्याची मागणी सगळ्यात सोपी आहे तो दुसरा. सोपी गोष्ट टिकली की अवघड गोष्टीसाठी हुरूप राहतो.

वेळ घड्याळाला बांधण्यापेक्षा रोज घडणाऱ्या गोष्टीला बांधा. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी १९९९ मध्ये मांडलेली गोष्ट इथे फार कामाची आहे: "मी अमुक करीन" यापेक्षा "अमुक झालं की मी तमुक करीन" असं ठरवलेलं जास्त वेळा पार पडतं. "ताईला फोन करत जाईन" हे नुसतं मनात राहतं. "मंगळवारी गाडीत बसले आणि जागा मिळाली की ताईला फोन" हे घडतं. (गाडी स्वतः चालवत असाल तर ही जागा यादीतून काढा. अर्धं लक्ष रस्त्यावर असताना फोनवर बोलू नये.)

दुसरी एक बारीक गोष्ट. मौजेच्या भेटी मिनिटामिनिटाने आखल्या की त्या कामासारख्या वाटू लागतात, असं गॅब्रिएला टोनिएटो आणि सेलिन माल्कोक यांच्या २०१६ मधल्या संशोधनात दिसलं. ढोबळ वेळ ठरवली, तर ती मजा टिकते. म्हणून रोजच्या लहान वेळा घट्ट बांधा आणि भेटीगाठी सैल ठेवा: "शनिवारी दुपारनंतर", "काम आटोपलं की". दिवस मात्र पक्का हवा. "कधीतरी भेटू" हे सैल नव्हे, ते काहीच नाही.

घरातल्या जोडीदाराबाबत एक सूचना. त्या ठरलेल्या वेळेत घरखर्च, मुलांचं वेळापत्रक, दुरुस्त्या हे विषय आणायचे नाहीत. त्यासाठी आठवड्यातून वीस मिनिटं वेगळी काढा आणि ते तिथेच उरका. नाहीतर दोघंजण बोलायला बसतात आणि घर चालवण्याच्या बैठकीवरून उठतात.

तपासणी: वेळ इतकी लहान आहे का, की सगळ्यात वाईट आठवड्यातही पाळता येईल? नसेल तर निम्मी करा. तासाची अर्धा तास, अर्ध्याची पंधरा मिनिटं. लाज वाटून वाढवू नका.

५. कामाच्या बाजूने कुंपण घाला

आठवडा भरायच्या आधी ही वेळ कॅलेंडरवर टाका. आठवडा भरल्यावर जागा उरत नाही, हे सांगायची गरज नाही.

सहकाऱ्यांना सांगताना नुसता नकार देऊ नका, परत कधी येणार ते सांगा: "सात ते साडेसात मी फोनवर नाही, साडेसातला उत्तर देते." बहुतेकांना उत्तर हवं असतं, तत्क्षणी हवंच असं नसतं. खरंच तातडीचं असेल तर कुणी काय करायचं तेही एका ओळीत ठरवून ठेवा. कारणं देत बसू नका. लांबलचक कारण ऐकलं की समोरच्याला वाटाघाटीला जागा दिसते.

पाळ्यांची नोकरी असेल, पुढचा आठवडा कधी कसा येईल सांगता येत नसेल, तर ठरलेला वार चालणार नाही. तेव्हा नियम असा ठेवा: पाळीचा तक्ता हातात पडला की सगळ्यात आधी दोन खुणा करायच्या आणि त्या दोघांना लगेच कळवायचं. घरात आजारी माणसाची सेवा करणाऱ्यांना किंवा दोन नोकऱ्या करणाऱ्यांना यातलंही काही जमणार नाही. त्यांनी वेळ शोधण्याआधी मदत मागावी. एक काम दुसऱ्या कुणाकडे गेलं तरच जागा होईल, आणि हे घरात मोठ्याने बोलायला हवं.

६. कामातून खरंच बाहेर पडा

शरीर घरी येतं, डोकं मागे राहतं. सोफी लेरॉय यांच्या २००९ मधल्या अभ्यासात दिसलं की एक काम अर्धवट सोडून दुसरीकडे वळलं की लक्षाचा एक भाग पहिल्या कामातच अडकून राहतो. त्यासाठी पाच मिनिटांचा उतारा:

- अर्धवट राहिलेल्या कामाची पुढची पायरी एका ओळीत लिहा. "उद्या दहाला आकडे तपासणे", इतकं नेमकं.
- संगणक बंद करा. झाकण नुसतं लावून ठेवू नका, बंद करा.
- दारात दोन मिनिटं थांबा. शेवटचा संदेश तिथेच वाचा, उत्तर द्यायचं तर तिथेच द्या.
- फोन दुसऱ्या खोलीत ठेवा.

फोन पालथा घालून टेबलावर ठेवणं पुरेसं नाही. अँड्र्यू प्रझिबिल्स्की आणि नेट्टा वाइनस्टाइन यांच्या २०१३ मध्ये छापून आलेल्या प्रयोगात दोन अनोळखी माणसं बोलत असताना जवळ नुसता फोन ठेवलेला होता, तरी त्यांना एकमेकांविषयी जवळीक कमी वाटली. विशेषतः बोलणं मनातल्या विषयांवर असताना. माझ्याकडे याहून साधा पुरावा आहे: फोन टेबलावर असला की माझी भाची गोष्ट अर्ध्यात थांबवते आणि आधी त्याच्याकडे बघते.

इशारा: "बोल बोल, ऐकतेय मी" असं तुम्ही म्हणत असाल, तर तुम्ही ऐकत नाही आहात. थांबा आणि म्हणा, "मला पाच मिनिटं दे, मग पूर्ण ऐकते." मग खरंच पाच मिनिटांत या.

७. त्या वेळात काय करायचं

फार काही नाही. सोबत एखादं काम करा, चाला, शेजारी बसा. समोरासमोर बसून "बोल, काय चाललंय" म्हटलं की बरेचजण, विशेषतः मोठी होत चाललेली मुलं, मिटतात. हात कामात असले की बोलणं आपोआप निघतं.

एकच गोष्ट शिकून घेण्यासारखी आहे. दुःखाच्या वेळी आपण धावून जातो, पण कुणी आनंदाची गोष्ट सांगितली की "छान" म्हणून पुढे सरकतो. शेली गेबल आणि सहकाऱ्यांच्या २००४ मधल्या अभ्यासात जोडीदाराच्या चांगल्या बातमीला उत्साहाने, प्रश्न विचारून दिलेल्या प्रतिसादाचा संबंध नात्यातल्या समाधानाशी दिसला. म्हणून चांगली बातमी आली की दोन प्रश्न विचारा. "कळलं तेव्हा तू कुठे होतास? पहिल्यांदा कुणाला सांगितलंस?" त्याला फक्त दोन मिनिटं लागतात.

लांबच्या माणसांना शक्यतो आवाज ऐकवा. लिहिलेले संदेश निरोपाला ठीक, पण गुडघा दुखतोय हे संदेशात कुणी लिहीत नाही.

८. ठरलेली वेळ चुकली तर

चुकणारच. सगळा बेत इथेच मोडतो: एकदा चुकते, अपराधी वाटतं, म्हणून दुसऱ्यांदा फोन करायला जड जातं, आणि मग तिसऱ्या आठवड्यात त्या माणसाचं नाव दिसलं की आपण नजर चुकवतो. हे टाळायला तीन नियम:

पहिला, वेळ टळून जायच्या आधी कळवा. पाच मिनिटं आधी कळवलं तरी चालेल. वाट बघायला लावून नंतर मागितलेली माफी आणि आधी कळवलेला बदल, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

दुसरा, त्याच संदेशात बदली वेळ द्या. "आज सव्वासातला जमत नाहीये, उद्या सकाळी त्याच वेळी करते." बदली वेळ ४८ तासांच्या आतली हवी. "पुढच्या आठवड्यात बघू" म्हटलं की तो आठवडा गेला समजा.

तिसरा, सलग दोनदा चुकू द्यायचं नाही. दुसऱ्यांदाही अडचण आली तर वेळ कापा, पण रद्द करू नका. तीन मिनिटांचा फोन करा आणि तसं सांगा: "आज तीनच मिनिटं आहेत, पण तुझा आवाज ऐकायचा होता."

इशारा: चुकलेल्या वेळेची भरपाई महागड्या भेटवस्तूने किंवा "या शनिवारी पूर्ण दिवस तुझा" अशा मोठ्या शब्दाने करू नका. मोठा शब्द पुन्हा मोडतो. मुलांना तर नक्की जमेल तेवढंच सांगा. "बघते, जमलं तर" हे मुलाच्या कानात "हो" असंच पडतं. जमणार नसेल तर "आज नाही, उद्या झोपायच्या आधी" असं स्पष्ट सांगा.

९. महिन्याने कागद पुन्हा काढा

चार आठवड्यांनी फक्त एवढं बघा: दोन्ही वेळा किती वेळा पाळल्या गेल्या? चारपैकी तीन असतील तर उत्तम, तिसरं नाव घ्या. दोन किंवा कमी असतील तर माणूस बदलू नका, वेळ बदला, आणि ती त्या माणसालाच विचारून बदला. कुणाची गरजही बदललेली असते. परीक्षा संपते, आजारपण येतं, नवी नोकरी लागते. सहा महिन्यांपूर्वीच्या उत्तरावर चालत राहिलात तर माझ्या रविवार रात्रीसारखं होईल.

वर्षानुवर्षं बोलणं झालेलं नसेल तर

यादीतलं एखादं नाव असं असतं की त्याच्यापुढची तारीख तीन-चार वर्षांपूर्वीची निघते. तिथे ठरलेली वेळ वगैरे लगेच काढू नका. आधी एक छोटा संदेश. आता इतक्या दिवसांनी काय वाटेल, या विचाराने तो लिहायचा राहतो. पण पेगी लियू आणि सहकाऱ्यांच्या २०२२ मधल्या प्रयोगांत दिसलं की अशी अचानक केलेली विचारपूस समोरच्याला आपण समजतो त्याहून जास्त भावते, आणि ती अनपेक्षित असेल तर आणखीच.

संदेशात उशीर का झाला याचं स्पष्टीकरण नको, माफीचा परिच्छेद नको, "तूही फोन केला नाहीस" तर अजिबातच नको. दोघांनाच माहीत असलेली एक गोष्ट लिहा: "आज जिना चढताना तुझी आठवण आली. आपण परीक्षेच्या आदल्या रात्री पायऱ्यांवर बसून पाठ करायचो. कशी आहेस?" प्रश्न एकच, आणि उत्तर द्यायला सोपा. पाठवा आणि आपल्या कामाला लागा. दोन आठवड्यांत उत्तर आलं नाही तर एकदा फोन करा, शक्यतो सकाळच्या वेळी.